दाजींचा स्वेटर

…आणि वर म्हणायचं काय, तर सोपं आहे! अहो, काय सोपं आहे? ती लांबलचक लोखंडी पट्टी, तिच्यात दाटीवाटीनं बसवलेल्या सुया, प्रत्येक सुईला आकडा, वरून मूठ लावलेली एक गाडी, ती इकडून तिकडे ढकलायची, खर्रक, की म्हणे एक ओळ विणून तयार!

तुम्हाला सांगतो, हे स्वेटर विणायचं मशीन माझ्या ताईचं. ताई गेली. दवाखान्यात, नाकात नळी, आणि तशातही मला बघून आपल्या लेकीला म्हणते, "मशीन मामाला द्या. रिटायर झाल्यापासून नुसता लोळत असतो." घ्या! लोक जाताना आशीर्वाद देतात, हिनं काम लावून दिलं.

बरं, मशीन आलं तेही रिकामं नाही. दाजींच्या स्वेटरची अर्धी पाठ त्याला लटकलेली, बाकी सगळं विणायचं राहिलेलं. परत आल्यावर पुरं करते म्हणून ताई तसंच सोडून गेली होती. दाजींनी कुणाला हात लावू दिला नाही. टेम्पोतसुद्धा मशीनशेजारी बसून आले, ती पाठ दोन्ही हातांनी धरून, झोपलेलं मूल धरावं तशी. मला म्हणाले, "अरे, एवढा पुरा कर. थंडी वाजते रे." दारं-खिडक्या बंद, अंगावर शाल, आणि काय तर थंडी वाजते!

भाची म्हणते, "मामा, सोपं आहे. आई बोलता बोलता करायची." अगं, तुझ्या आईनं बोलता बोलता माझं लग्न ठरवलं होतं, तिचं काय सांगतेस!

तर बसलो. लोकर अडकवली, गाडी ढकलली. अडली. जरा जोर केला… आता जोर करायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं होतं का? सोपं आहे, एवढंच! खर्रक झालं आणि टाके सुटले. सगळे! खाली ताणाला वजनं लावलेली असतात, ती धाडकन माझ्या पायावर, स्वेटरची पाठ जमिनीवर. उचलायला वाकलो तर धागा अडकला शर्टाच्या बटणात, आणि मी उठलो तशी ती सरसर उसवत आली. ताईच्या हातचं शेवटचं काम हो… आणि मी पाय धरून नाचतोय, आणि ते उसवतंय!

बघतो तर दाजी दारात उभे. म्हटलं, आता हे कोसळणार. तर ते खाली बसले, लोकर गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तिचंही पडायचं. मग मला शिव्या घालायची." मग माझ्या बटणातला धागा सोडवत, "तू घाल की दोन."

मोठ्या माणसाला शिव्या कशा घालायच्या, सांगा! पण घातल्या. ताईच्याच आवाजात! "डोळे फुटले का तुमचे? धागा तरी धरा नीट!" दाजी हसले, आणि हसता हसताच हुंदके द्यायला लागले. मग मीही. दोन म्हातारे, लोकरीच्या गुंत्यात बसून… सोपं आहे म्हणे!

पुढं रोज यायचे. मी विणायचं, मी पाडायचं, त्यांनी गुंडाळायचं. झाला एकदाचा. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत, गळ्यातून डोकं बाहेर काढायला आम्हा दोघांची ताकद लागली. आता उन्हाळा आला तरी अंगात तोच. परवा भाची म्हणाली, "बाबा, धुवायला तरी द्या." तर म्हणाले, "नको. धुतला की उसवेल."

मी म्हणणार होतो, छे हो, नाही उसवत… पण तुम्हाला सांगतो, उसवेलच.