पँट्रीतला हुंकार

हसणार नसाल तर सांगतो. इकडे परदेशात, चँडलर गावातल्या माझ्या घरी मी स्टोव्हवर घरगुती बिअर उकळली, आंबायला बादलीत भरली आणि गार जागा म्हणून पँट्रीत ठेवली, नेमकी देव्हाऱ्याखाली. नागपूरहून आलेल्या आईला सांगितलं, व्हिनेगर आहे. झाकणातल्या नळीतून मधूनच गॅस सुटायचा, गुडुक.

आई रोज पूजेनंतर देव्हाऱ्याशेजारच्या बाबांच्या फोटोशी बोलते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. चार दिवसांनी ती मला म्हणाली, "अरे, हे हुंकार देतात! पेपर वाचता वाचता द्यायचे ना, तसाच."

खरं सांगायची माझी हिंमत होईना. आठवड्यानं ती देवळात गेली तेव्हा मी बिअर बाटल्यांत भरली, बुचं ठोकली आणि बादली धुऊन बाल्कनीत उपडी घातली.

दुसऱ्या सकाळी मी चहा गाळत होतो. पँट्रीतून आईचा आवाज आला, "अहो, पोरगा किती वाळलाय बघा."

गुडुक.

काचेतून मला बाल्कनीतली बादली दिसत होती. उपडीच.

आई बाहेर आली. "हे म्हणतात, बिअर जरा कडू झालीय."

पंधरा दिवसांनी पहिली बाटली उघडली. कडूच होती, यार.