बरे झालेले पेशंट

आमच्या वेळी घोरणाऱ्याला सुखी म्हणत. आता त्याच्या अडणाऱ्या श्वासावर संशोधन चालतं. त्याच तपासणीला दवाखान्यात गेले, तर पुढच्या बाकावर एक जोडपं.

"अख्ख्या प्रयोगात माझ्याइतका नियमित झोपताना श्वासाच्या मशीनचा मास्क कुणीच लावला नाही, म्हणाले डॉक्टर."

"तुम्ही? पहिल्याच रात्री भिरकावलात! मशीनमध्ये वापराचे तास भरावेत म्हणून रोज रात्री मीच लावत आले."

"हळू बोल. परिषदेत मला मंचावर बसवणार आहेत."

"खुशाल बसा. पण मशीन आज परत मागतील. अहो, लग्नानंतर पहिल्यांदा धड झोप लागतेय मला."

"तुला कशाला मशीन? तू कुठे घोरतेस?"

"तुमच्या नगाऱ्यापुढे माझी टिमकी कुणाला ऐकू येणार?"

यजमानांनी मान मागे टेकली. थोड्या वेळानं नर्सनं दार उघडलं.

"आमचे बरे झालेले पेशंट कोण?"

यजमान बाकावरच घोरत होते. बाई उठल्या.

"मी!"