तान्हूबाईचा वकील

मंडळी, मला एक सांगा – ज्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्यानं दाद मागायची कशी? आणि ज्याला बोलता येतं, त्यानं बोलायचं कुणासाठी? फक्त स्वतःसाठी?

निंबारी गावात विष्णुपंत टिपणीस नावाचे वकील होते. दारावर पाटी – ‘अ‍ॅडव्होकेट’! शब्द लॅटिन बरं का! ‘अ‍ॅड’ म्हणजे जवळ, ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणं. हाक मारून जवळ बोलावलेला, तो अ‍ॅडव्होकेट! आपली ‘वाचा’ आणि ते ‘व्होकारे’ – लांबच्या नात्यातल्या बहिणी! आणि ‘वकील’? तो अरबीतून आला. ज्याच्यावर भार टाकला, तो! पंतांना हे सगळं पाठ. पाठच फक्त!

त्याच गावात तान्हूबाई. जन्मापासून मुकी, एकटी. परसात एक पेरूचं झाड, आणि घरात दुसरा जीव म्हणजे तिचा कोंबडा – हवालदार! एके दिवशी हवालदारानं सरपंच गणोजीरावांना टोचलं. कुठे? अहो, बसायच्या जागी! माता-भगिनी बसल्यात, जास्त सांगत नाही!

भरली सभा. गणोजीराव उभ्यानंच गरजले, “कोंबडा माजलाय! उद्या त्याचा रस्सा! पंत, तुम्ही यायचं जेवायला!”

पंतांच्या तोंडाला पाणी सुटलं! तेवढ्यात कुणीतरी कोटाची बाही ओढली. बघतात तर तान्हूबाई. डोळे भरलेले. घशातून कसाबसा आवाज – “आं... आं...”

मंडळी, ही हाक नव्हे तर काय? पंतांच्या काळजात चर्र झालं. तोंडचं पाणी पळालं! उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि सुरू – “सभाजनहो, न्यायाची सनातन परंपरा...”

तान्हूबाईनं कोपरानं ढोसलं! म्हणजे – तुमचं नको, माझं सांगा!

पंतांनी भाषण गुंडाळलं. तिनं हातवारे केले – कुंपण... उडी... झाडावरून काहीतरी तोडलं... खाल्लं... पळाला! पंतांच्या मिशीत हसू फुटलं.

“सरपंच, कोंबड्यानं कुठे टोचलं?”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे! मागे!”

“मागे! म्हणजे तुम्ही पळत होता. कुणाच्या परसातून?”

गणोजीरावांचा हात मिशीकडे गेला! पण त्यांची बायको कसली गप्प बसते? “अगं बाई! तरीच परवा यांच्या मिशीत पेरूच्या बिया!”

सभा हसून लोटपोट! गणोजीरावांनी हात जोडले, “तान्हूबाई, चुकलो.” हवालदार सुटला. पंतांना घरी पिठलं-भाकरी मिळाली. पण त्या दिवसाइतकी गोड त्यांना कधी लागली नव्हती!

हसलात ना? आता सांगा – घराची वाटणी होते तेव्हा कोपऱ्यात गप्प बसलेली बहीण तुम्हाला दिसते का? म्हातारा बाप काही सांगू बघतो, तेव्हा टीव्हीचा आवाज कोण वाढवतं? पाटी नको, काळा कोट नको. आज घरी गेल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसा, आणि आधी ऐका! मग पांडुरंगाचं नाव घ्या – त्यालाही ते गोड लागेल!