डोक्याला आवळलेलं फडकं

धाकटी : ‘आवाज बंद! रक्त आहे माझ्या अंगात, पाणी नाही!’ बाबांचं हे गरजणं अजून कानात घुमतं माझ्या. तुझ्या नाही, दादा?

दादा : घुमतं ना. अख्खी गल्ली दारं लावून घ्यायची. पण हे सांगायला तू इथवर आलीस? माझी जेवणाची सुट्टी संपली, चिमणे. क्रेनवर चढायचंय.

(बांधकामावरची पत्र्याची खोली. दादा हेल्मेटचा पट्टा आवळतो आहे.)

धाकटी : फोन उचलला असतास तर कशाला आले असते? चल, रक्त तपासून घे. आज.

दादा : बीपी तुझं वाढलं आणि सुई मला?

धाकटी : चेष्टा पुरे. माझ्या जनुकात बारीकसा बदल सापडलाय. त्याच्यामुळे मूत्रपिंडं मीठ सोडतच नाहीत, कवटाळून बसतात, आणि रक्ताचा दाब चढत जातो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाबांकडूनच आलं असणार. तुझ्यात उतरलं असेल, नसेलही. नाणं उडवल्यासारखं आहे.

दादा : मग माझं नाणं सुलटं पडलंय. बघ, खांबासारखा उभा आहे.

धाकटी : बाबाही खांबासारखेच होते. जेवता जेवता आडवे झाले.

दादा : ते रागाने गेले. जगाला ठाऊक आहे.

धाकटी : राग! संध्याकाळी डोक्याला फडकं आवळून बसायचे, आठवतं? आई डोळ्यांनी खुणावायची, की आपण मागच्या दाराने पसार. भांडं वाजायचं नाही, घर हसायचं नाही. फडकं बांधलं म्हणजे बाबा भडकलेत! एकदा तरी कोणी विचारलं, बाबा, डोकं दुखतंय का?

दादा : ...नाही विचारलं.

धाकटी : दुखत होतं रे. परवा मीही तशीच रुमाल आवळून बसले होते, आणि माझी पोर चवड्यांवर चालत गुपचूप बाहेर गेली. तेव्हा उमगलं मला.

मुकादम : (बाहेरून) ओ क्रेनवाले! लोखंड खोळंबलंय! चढताय ना?

दादा : आलो, आलो! ऐकलंस? बीपी निघालं तर हे मला खाली उतरवतील. जन्म आभाळात बसून काढला मी. खाली येऊन काय करू, विटांवर पाणी मारू?

धाकटी : याची गोळी वेगळी असते. नेहमीच्या गोळ्यांना माझा दाब दाद देत नव्हता, हिने उतरला. बाबांना सांगायला कोणी नव्हतं. तुला मी आहे.

दादा : बरं बाई. रविवारी येतो.

धाकटी : हेल्मेट काढ.

दादा : आता हे काय नवीन?

धाकटी : मागे गाठ दिसतेय. आत फडकं बांधलंयस तू.

दादा : घामाला बांधलंय.

धाकटी : घट्ट बांधलंयस. दादा, बाबांना विचारायचं राहून गेलं. तुला विचारते. डोकं दुखतंय का?

मुकादम : अहो, येताय की दुसरा चढवू?

दादा : दुसरा चढवा, मुकादम!

धाकटी : दादा...

दादा : सकाळी मला एका हुकाचे दोन दिसत होते, चिमणे. खाली माणसं उभी होती, आणि मी अंदाजाने भार उतरवला.