माही बंडी काय पेट्रोल पिते?

...आन वरून लोक मलेच म्हनतात, "मारोतराव, तुमाले काय टेन्शन? तुमची बंडी काय पेट्रोल पिते?" ऐकून ऐकून कान किटले माहे! पेट्रोल वाढलं का एकेक जन फटफटी ढकलत येते, माह्या कोठ्यासमोर थांबते, बैलाकडं पाह्यते आन हेच म्हनते. जसा काही भाव मीच वाढवून राह्यलो.

तुमाले सांगतो, घाटंजी रोडच्या आमच्या गावात आता बैलबंडी उरली एकच, माही. बाकीच्यायनं ट्रॅक्टर घेतले. आन पेट्रोल वाढलं का मोर्चा निंगते, मोर्चाले बैलबंडी लागते, मंग सारे कुठी येतात? माह्या दारात. गावात पार्ट्या दोन. एकीचा डोमाजी, दुसरीचा अतुल. पयले डोमाजी भावाच्या नावानं बोंबलायचा आन अतुल म्हने, "काका, भाव साऱ्या दुनियेतच वाढले, सरकार काय करन?" मंग खुर्ची बदलली. आता अतुल बोंबलाले लागला आन डोमाजी मले दुनिया समजावून सांगते. भाषन तेच, बंडी तीच, बैल बी तेच... फक्त गळ्यातला दुपट्टा बदलला.

यंदा त दोघंही बोंबलले. डोमाजी म्हने दोष मुंबईचा, अतुल म्हने दिल्लीचा. दोघंही येऊन गेले, बंडी देता काय? मी दोघायलेही हो म्हनलं. गावात राह्यचं हाये ना बाप्पा, नाही कोनाले म्हनता? तारीख काही मी विचारली नाही. तारीख आली वरून, दोघायचीही एकच. कोनती? पोळ्याची! म्हने पोळ्याले गर्दी आयतीच गोळा होते. वरच्यायले गर्दी समजते हो, बैल कुठी समजते?

आता तुमीच सांगा, पोळ्याच्या दिवशी बैल जुपते काय कोनी? आदल्या दिवशी आमी बैलायचे खांदे हळद-तुपानं मळले, कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आन सकाळी डोमाजी आन अतुल दोघंही दारात हजर. माही बायको इंदूबाई बाहेर आली. आवाज बारीक. तिचा आवाज बारीक झाला का मले घाम फुटते. म्हने, "तुमी आवतन देलं ना? मंग पावन्याले जेवू घालता का बंडीले जुपता?"

खरं सांगू, बरोबर होतं तिचं. ते दोघं मुके जीव वर्षभर माह्यासाठी चिखलात राबतात. पोळा हा एकच दिवस त्यायचा. तो बी कोन्या साहेबाच्या फोटोले देऊन टाकाचा? माह्या जिवाले नाही पटलं. मी म्हनलं, "बंडी न्या. बैल भेटत नाही."

डोमाजी म्हने, "मारोतभाऊ, इज्जतीचा सवाल हाये, साहेब येऊन राह्यले." अतुल म्हने, "काका, बैलाशिवाय फोटो कसा निंगन?" तेवढ्यात आले ना दोघायचेही साहेब. दोन भल्ल्या मोठ्या गाड्या, आतमंदी एसी, साहेब उतरले तरी इंजिन सुरूच... कायच्या निषेधाले आले, त पेट्रोलच्या. बंडी एक, साहेब दोन. दोघंही चढले, पाठीले पाठ लावून बसले, एकाचं तोंड दिल्लीकडं, एकाचं मुंबईकडं, आन दोघंही एकदमच म्हनले, "चला."

चला म्हनलं, पन चालन कोन? एका साहेबानं डोमाजीकडं पाह्यलं. दुसऱ्यानं अतुलकडं पाह्यलं. तुमाले सांगतो, माह्या जिंदगीत पयल्यांदा दोन्ही पार्ट्या एका जुवाखाली आल्या! पोळ्याच्या तोरनापाशी बंडी पोचली, त आमच्या गावचा नेमसिंग, दरवर्षी पोळ्यात गाने जुळवून झडत्या म्हननारा, तो काय मोका सोडते?

"पेट्रोल वर, डिझेल वर, त्याच्या वर साहेब,
जुवात जुतले डोमा-अतुल, बैल झाले गायब!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सारं गाव हासून हासून लोटपोट. पन पुढं रस्त्याले फाटा होता. डोमाजीनं वढलं उजवीकडं, अतुलनं वढलं डावीकडं, आन बंडी गेली सरळ... नालीत. काळ्या मातीचा चिखल, चाकाच्या आखापर्यंत रुतली. साहेबायचे पांढरे कपडे पाह्याजोगे झाले होते. दोघंही आपापल्या गाडीत बसले, काचा वर केल्या, आन गेले.

बंडी कोन काढन? ट्रॅक्टरवाल्या पिंटूले बलावलं. तो म्हने, "काढतो, पन टाकी कोरडी हाये. डिझेल कोन टाकते?" डोमाजीनं अतुलकडं पाह्यलं, अतुलनं डोमाजीकडं. आन जे दिल्ली-मुंबईले जमलं नाही ते आमच्या नालीच्या काठावर जमलं. दोघायचं एकमत! म्हने, "बंडी मारोतरावची, मंग डिझेल बी मारोतरावनंच टाकाव."

घरी माहे बैल झूल पांघरून पुरनपोळी खाऊन राह्यले, इंदूबाई त्यायले आग्रह करून राह्यली, आन मी सनाच्या दिवशी उपाशीपोटी, हातात कॅन घेऊन पंपाच्या रांगेत. नंबर आला त पंपावरची सुरभी मले पाहून हासाले लागली. म्हने, "काका, तुमी इकडं कुठी? तुमची बंडी काय पेट्रोल पिते?"

मी म्हनलं, "पेट्रोल नाही पित बाई. डिझेल पिते. भर."