साहेबांसाठी हळू केलेलं ग्रीन

त्या कुलकर्ण्याचं नाव काढू नका, डोकं फिरतं माझं! नव्वदच्या दशकात जहाजावरची नोकरी सोडून मी सिंगापूरच्या एका गोल्फ क्लबात ग्रीनची, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची, मशिनं सांभाळायचो. हा रॅफल्स प्लेसच्या बँकेत. एकदा त्याचा फोन आला, "अरे, तुमच्या ग्रीनवर आमच्या साहेबांचा चेंडू भोक सोडून पार पुढे पळतो. माझा इथला नोकरीचा पास रिन्यू व्हायचाय, तो साहेबांच्याच हातात. शनिवारपर्यंत ग्रीन जरा स्लो कर ना!"

"तो काय पंख्याचा रेग्युलेटर आहे?" मी ओरडलो. पण मैत्री नडली. गवत कापायच्या मोअरचं ब्लेड जरासं वर घेतलं, गवत किंचित वाढू दिलं आणि ग्रीन दाबून चेंडू वेगात पळवणारा रोलर शेडमधून बाहेरच काढला नाही.

शनिवारी हा टोपी विसरून आला आणि माझीच घालून गेला. तासाभरात धापा टाकत शेडमध्ये हजर.

"घात झाला! साहेबांनी आठवडाभर घरच्या फरशीवर हळू मारायची प्रॅक्टिस केलीय. आता चेंडू भोकापर्यंत पोचतच नाही! पुढच्या ग्रीनवर तरी रोलर फिरव!"

"अरे गाढवा, खेळ चालू असताना?"

तेवढ्यात मागून साहेबच आले. "हू स्पॉइल द ग्रीन, आह?"

कुलकर्ण्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, हा माणूस. मी तर ओळखतही नाही याला."

आणि हे म्हणताना त्याच्या डोक्यावर माझी टोपी होती. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मेंटेनन्स'.