मागची सीट

(भाड्याच्या घराचा हॉल. मधोमध जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल, अर्धी उघडलेली. अंबूबाई लंगडत स्वयंपाकघरातून बाहेर आली आहे. हातातलं पातेलं तिनं सांडशीत धरून अंगापासून लांब ठेवलंय; मेलेलं काही उचलून आणावं तसं.)

अंबूबाई : दुधाचं पातेलं हे. दुधाचं! ह्यात काय शिजवलास तू?

रोशन : शिजवलं नाही गं आई. कार्ब्युरेटर उकळला. लिंबाच्या पाण्यात ठेवला की सगळी घाण सुटते.

अंबूबाई : सुटली की. सगळी माझ्या पातेल्यात सुटली. वरचा तवंग बघ, गटारावर येतो तसा. शी! सकाळचा चहासुद्धा पेट्रोलचा लागला मला.

रोशन : घासून देतो.

अंबूबाई : कशानं? माझ्या टूथब्रशनं?

रोशन : घासणी आहे की.

अंबूबाई : मग चेन कशानं घासलीस?

रोशन : मला वाटलं, जुना आहे.

अंबूबाई : काल दात घासले मी त्यानं! आज बघते तर काळाकुट्ट, भिजलेल्या उंदरासारखा. आणि ठेवलास कुठं? परत माझ्याच पेल्यात. ओकारी आली रे मला, रोश्या.

रोशन : सॉरी. नवा आणतो. स्वल्प समजून घे ना आई. गाडीत पिकअपच उरला नव्हता. गेल्या रविवारी देवनहळ्ळीच्या रस्त्याला ग्रुपमधली सगळी पोरं पुढं निघून गेली. मी टपरीवर पोचलो तर त्यांचा चहा पिऊन झालेला. एक जण म्हणाला, अंकल आले.

अंबूबाई : अडतिशीला आलास. अंकल नाही तर काय, बाळ म्हणतील?

रोशन : तू हस. येत्या रविवारी बघ. कार्ब्युरेटरला मोठा जेट टाकलाय, पेट्रोल जास्त ओढतो, नवा एअर फिल्टर, सायलेन्सरच्या आतली जाळी काढली.

अंबूबाई : काय काढलंस, काय घातलंस ते तुझं तुला. अकराला जयनगरला डॉक्टरकडं जायचंय मला. पायातला रॉड टोचतोय, रात्रभर डोळा लागला नाही. तू नेतो म्हणालास. तोवर जोडून होतंय का हे?

रोशन : जोडून होईल. पण... आज ऑटोनं जा.

अंबूबाई : त्या ऑटोत चढायला हा पाय उचलत नाही, ठाऊक हाय तुला. गाडीवर तूच धरून बसवतोस.

रोशन : गाडीवर मागं बसता येणार नाही आता.

अंबूबाई : म्हणजे?

रोशन : वजन कमी केलंय. इंजिन तेवढंच, ओझं कमी, म्हणजे गाडी पळते. गॅरेजवाला नागराज पण हेच म्हणाला. मागची सीट, मागचे फूटरेस्ट, धरायची दांडी, सगळं काढलं.

अंबूबाई : ओझं.

रोशन : तसं नाही गं. शब्द आहे तो, गाडीचा.

अंबूबाई : त्या पोत्यात काय हाय? ते काळं, जाळीचं? हातात दे जरा.

रोशन : राहू दे, ग्रीस लागेल.

अंबूबाई : दे म्हणते ना. ...साडी गार्ड हाय हा.

रोशन : आता गार्डला काय करायचंय? मागं कोणी बसणारच नाही.

अंबूबाई : ह्याच गाडीवर, ह्याच जयनगरच्या सिग्नलला माझा पदर चाकात गेला. नवी घेतलीस तेव्हा गार्ड नको म्हणालास, शोभा जाते म्हणून. रस्त्यावर पडले मी, घोटा उलटा झालेला. दवाखान्यातनं आणलंस आणि त्या संध्याकाळी अंगणात बसून हा गार्ड बसवलास. कोण बसवला?

रोशन : मीच.

अंबूबाई : रडत होतास. स्क्रू हातातनं गळत होता. मी खिडकीतनं बघितलंय, आणि दुखणं विसरले होते बघ. म्हटलं, पाय गेला तर गेला, पोरगं चांगलं हाय.

रोशन : आई, प्लीज. परत बसवतो. तासभर दे.

अंबूबाई : बसव. थांबते मी.

रोशन : ...बसणार नाही. सीटखालचा पाइप कापला.

अंबूबाई : कापला?

रोशन : ग्राइंडरनं. मागची बाजू छोटी दिसते, हलकी पण होते.

अंबूबाई : तेलाची घाण घासली की जाते रे. तुझ्याकडं बघून जी किळस येतेय मला, ती कशानं घासू?

रोशन : एवढं काय केलं मी? गाडीच आहे ना ती!

अंबूबाई : भाग्या! ए भाग्यलक्ष्मी! बाहेर ये. तुझ्या नवऱ्यानं काय केलंय बघ.

भाग्या : ऐकलं अत्ते. आतपर्यंत सगळं ऐकू येतं. रोशन, माझं हेल्मेट कुठंय?

रोशन : तिथं... थांब, उलटं करू नको! त्यात नटबोल्ट आहेत!

भाग्या : दिसले. तेल पण दिसलं. माझे केस जातात ह्याच्यात.

रोशन : अगं, गाडीला मागची सीटच नाही. हेल्मेट कशाला लागतंय तुला? मी कॅब बुक करून देतो दोघींना.

भाग्या : नको. वरच्या हर्षिताची स्कूटर आहे.

रोशन : ती सोडणार तुम्हाला? तिघी कशा बसणार?

भाग्या : दोघीच. मी चालवणार. दोन महिने शिकतेय तिच्याकडं. लायसन्स परवा आलं.

रोशन : मला सांगितलं नाहीस?

भाग्या : सांगत होते. तू व्हिडिओ बघत होतास. ‘सरी, बरंय’ म्हणालास.

अंबूबाई : भाग्या, स्कूटरला ह्या पायानं चढता येतंय का गं मला?

भाग्या : येतं. उंची बघून ठेवलीय मी. चाक पण झाकलेलं आहे, पदर जाण्यासारखं काही नाही. चला, पाटावर पाय ठेवून बसवते.

रोशन : आई, मी बसवतो ना. धरू का?

अंबूबाई : हात काळे हायत तुझे. लुगड्याला लागतील. ...भाग्या, पिशवी घे. येताना दुधाला पातेलं आणू.